जिनिव्हाचे पंडित आणि सात रस्त्यावरचे प्रश्न

सोलापूरच्या सात रस्त्यावरून येणारा-जाणारा माणूस जागतिक शासनाच्या कक्षेबाहेर आहे, अशी आपल्या विद्यापीठांतील आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासकांची दृढ समजूत दिसते. त्यांच्या लेखी जग म्हणजे वॉशिंग्टन, बीजिंग, मॉस्को, ब्रुसेल्स आणि फार तर दिल्ली. सोलापूर हा झालाच तर कापड उद्योगाच्या इतिहासाचा विषय. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. या चौकातून दिवसभरात जी माणसे जातात, त्यांतला यंत्रमागावर टॉवेल विणणारा कामगार, विड्यांचे सूप मांडीवर घेऊन बसणारी बाई, चादरींचा व्यापारी, यांच्या मिळकतीला लागू होणारे कितीतरी नियम जिनिव्हा या एकाच शहरात घडलेले आहेत. तंबाखूचा करार तिथला, घरी बसून काम करणाऱ्यांविषयीचा ठराव तिथला, चादरीच्या नावाचे संरक्षण ज्या करारातून आले तो सांभाळणारी संघटनाही तिथलीच. असे असता या विषयाचे विद्वान जिनिव्हाच्या वाऱ्या करतात आणि सोलापूर त्यांच्या अभ्यासात कोठेही येत नाही, याला काय म्हणावे?

या विषयातील कारकीर्द कशी घडते ते पाहण्यासारखे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचा हुशार विद्यार्थी राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन बाहेर पडतो. आधी पुणे-मुंबई, मग दिल्ली. या विषयासाठी इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज ही संस्था १९५५ साली दिल्लीत निघाली आणि १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. तेव्हापासून हा विषय राजधानीच्या छत्रछायेतच वाढला. दिल्लीनंतर परदेशी शिष्यवृत्ती, परदेशी नियतकालिकात निबंध, एखाद्या धोरणसंस्थेची फेलोशिप, जमल्यास एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सल्लागारपद, आणि उतारवयात दूरचित्रवाणीवर युद्धाचे नकाशे समजावून सांगणे. या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक गोष्ट बदलत जाते: त्याने कोणते प्रश्न विचारावेत हे ठरवणारा माणूस. पहिल्या पायरीवर तो त्याच्या गल्लीतला असतो. शेवटच्या पायरीवर तो अनुदान देणारा असतो.

हे अपरिहार्य होते काय? १९१९ हे साल याबाबत मोठे बोलके आहे. त्या वर्षी वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातील पहिले अध्यासन स्थापन झाले. पैसा दिला कोळसा आणि रेल्वे यांच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या डेव्हिड डेव्हिस यांच्या घराण्याने. नाव दिले अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचे. हेतू उदात्त होता, युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांचे ते स्मारक होते, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याच वर्षाच्या अखेरीस वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली आणि तीत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे, एके काळचे शाळामास्तर नारायण मल्हार जोशी गेले. त्या परिषदेने कामाच्या तासांचा पहिला करार केला. जगाला आठवड्याचे ४८ तास. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मात्र त्याच करारात वेगळे कलम घातले, आठवड्याचे ६० तास! जागतिक शासनाचा हिंदुस्थानाला झालेला हा पहिला परिचय. नियम सर्वांसाठी, आणि त्याच नियमाच्या पोटात आपल्यासाठी अपवाद.

पण जोशी तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि कामगारही थांबले नाहीत. पुढल्या वर्षी, १९२० मध्ये, मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. तिच्या स्थापनेमागील एक तातडीचे कारण हेच होते की, परिषदेला जाणारा कामगारांचा प्रतिनिधी सरकारने परस्पर नेमू नये, कामगारांच्या मध्यवर्ती संघटनेने सुचवावा. १९२२ च्या कारखाने कायद्याने दिवसाचे ११ आणि आठवड्याचे ६० तास ही मर्यादा घातली. तत्पूर्वी गिरणीतल्या पुरुष कामगाराला कायद्याने दिवसाचे १२ तास राबवता येत होते. ही मर्यादा सोलापूरच्या गिरण्यांनाही लागू झाली. अपुरी होती, अपमानास्पदही होती. पण गिरणीच्या भोंग्यावर तिचा परिणाम झाला. म्हणजे १९१९ साली जागतिक शासनाचे दोन मार्ग निघाले. एक अध्यासनाचा, दुसरा युनियनचा. आपल्या विद्यापीठांनी पहिला उचलला आणि आपल्याच मुलुखातल्या माणसाने चालून दाखवलेला दुसरा अभ्यासक्रमाबाहेर ठेवला. मॉर्गेंथो आणि वॉल्ट्झ यांची मते तोंडपाठ असणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ना. म. जोशी हे नाव या विषयाच्या वर्गात ऐकायला मिळते?

सोलापूरला आंतरराष्ट्रीयता शिकवण्याची गरज तर मुळीच नाही. याच शहराचा एक तरुण डॉक्टर, द्वारकानाथ कोटणीस, १९३८ साली चीनला गेला आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच मरण पावला. त्याला कोणी परराष्ट्रनीतीचा सिद्धांत शिकवला नव्हता.

आता ‘ग्लोबल गव्हर्नन्स’ या शब्दाकडे वळू. शासन म्हटले की शासक आला, शासित आले, कर आला, दंड आला. ‘गव्हर्नन्स’ या शब्दाची खुबी अशी की त्यात शासक दिसतच नाही. जागतिक बँकेने १९८९ साली आफ्रिकेवरील आपल्या अहवालात तेथील दुरवस्थेचे खापर ‘गव्हर्नन्स’च्या पेचप्रसंगावर फोडले; कर्जाच्या अटींचा हिशेब मागे पडला. १९९२ साली रोझेनाऊ आणि चेम्पिएल यांनी संपादिलेल्या ग्रंथाच्या नावातच ‘सरकारविना शासन’ अशी कल्पना आली. १९९५ साली जागतिक शासनविषयक आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, याच नावाचे नियतकालिक सुरू झाले, आणि त्याच वर्षाच्या १ जानेवारीला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. सिद्धांत सांगत होता की आता कोणी राज्यकर्ता नाही, सारे भागीदार आहेत. आणि व्यवहारात देशांच्या जकाती, पेटंट आणि शेतीची अनुदाने यांवर निवाडा देऊ शकणारे न्यायासन त्याच क्षणी उभे राहत होते. हा योगायोग समजणाऱ्याच्या भोळेपणाला नमस्कार!

सिद्धांत बाजूला ठेवून विडीचे उदाहरण घेऊ. सोलापुरात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पुरुषाची नोकरी गेली, आणि असंख्य घरांचा संसार बाईच्या सुपावर आला. पूर्व भागातल्या, बहुतांशी तेलुगुभाषक, हजारो स्त्रिया आजही पान, तंबाखू आणि सूत घरी आणून विड्या वळतात. हजारी मजुरी मिळते, नापास विड्या वजा होतात. या बाईवर जिनिव्हाच्या दोन संस्थांचे लक्ष आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा करार २००३ साली संमत झाला, भारताने ५ फेब्रुवारी २००४ रोजी त्याला मान्यता दिली, आणि २७ फेब्रुवारी २००५ पासून तो अमलात आला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने त्याआधी, १९९६ साली, घरी बसून मजुरी करणाऱ्यांविषयीचा १७७ क्रमांकाचा करार केला: घरी काम करणाऱ्यास इतर मजुरांइतकाच हक्क. सेवा संस्थेच्या इला भट्ट आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया यासाठी वर्षानुवर्षे झगडल्या. मालकांच्या गटाचा त्याला पाठिंबा नव्हता. या करारावर भारताने मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.

विडीची वकिली करण्याचा येथे प्रश्न नाही. तंबाखू माणूस मारते, आणि वळणारीच्या छातीतही तिची धूळ जाते. प्रश्न करारातल्या क्रियापदांचा आहे. तंबाखू कराराच्या ११व्या कलमाने पुड्यावरील इशाऱ्यासाठी सरकारांवर तीन वर्षांची मुदत घातली आहे. भारताने १ एप्रिल २०१६ पासून पुड्याचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापावा असा नियम केला. त्याच कराराचे १७वे कलम म्हणते की, तंबाखू कामगार आणि शेतकरी यांच्यासाठी परवडणारे पर्यायी व्यवसाय सरकारांनी ‘योग्य वाटेल त्याप्रमाणे’ वाढवावेत. येथे मुदत नाही, रक्कम नाही, जबाबदार अधिकारी नाही. आणि आपल्याकडे काय झाले? विडी कामगारांच्या कल्याण निधीसाठी १९७६ पासून विडीवर जो वेगळा उपकर घेतला जात होता, तो २०१७ साली वस्तू व सेवा कराच्या राजवटीत रद्द झाला. पर्यायी व्यवसाय देण्याची वेळ आली तेव्हा कामगाराच्या नावाची पेटीच मोडीत काढली!

या कराराच्या सदस्य देशांची सातवी परिषद २०१६ च्या नोव्हेंबरात ग्रेटर नॉयडा येथे, म्हणजे आपल्याच देशात भरली. बाहेर तंबाखू शेतकऱ्यांची निदर्शने झाली, आत प्रवेश नव्हता. तंबाखू कंपन्यांना धोरणापासून दूर ठेवावे असे करारच सांगतो, आणि कंपन्या शेतकऱ्याला पुढे करून आपला कार्यभाग साधतात हेही खोटे नाही. पण कंपनीला दार बंद करताना कामगारासाठी दुसरे दार उघडायचे असते. ते कोणते, कसे, त्यातून कोण जाणार, हा ‘जागतिक शासना’चा अस्सल संशोधनविषय आहे. विद्वानांच्या निबंधांत मात्र करार ‘यशस्वी जागतिक सहकार्याचा नमुना’ म्हणून येतो आणि १७वे कलम तळटिपेत जाते.

यातही आपली एक मोठी गोष्ट आपणच विसरलो आहोत. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरात बसून विडी वळणारीला कामगार मानले. मालकांनी त्याला आव्हान दिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात कायदा उचलून धरला. जिनिव्हाला जे १९९६ साली सुचले, ते भारतीय कामगार चळवळीने ३० वर्षे आधी कायद्यात आणले होते. याचा अर्थ, या एका बाबतीत जगाला नियम शिकवण्याचा अधिकार सोलापूरच्या विडी कामगारणीचा होता. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पाठ्यपुस्तकात ‘नियम घडवणारे’ आणि ‘नियम पाळणारे’ असे देशांचे दोन वर्ग सांगतात. विडीच्या कायद्याने ते वर्गीकरणच उलटे पाडले आहे. पण त्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याने सुपाशेजारी बसले पाहिजे.

कोणी म्हणेल, तुमचा सूर सरसकट आहे. जागतिक संस्था म्हणजे सारी फसवणूकच काय? तसे म्हणणे नाही, आणि त्याला पुरावा चादरींचाच आहे. १९९७ साली युरोपीय समुदायाने भारतातून जाणाऱ्या सुती चादरी-पलंगपोसांवर डम्पिंगविरोधी जकात बसवली. आरोप असा की, भारतीय माल घरच्या किमतीहून स्वस्त विकतात. हा आरोप कोणत्या गणिताने सिद्ध केला ते समजून घेण्यासारखे आहे. समजा चादरींचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार परदेशात १० रुपयांनी स्वस्त विकला, दुसरा तेवढ्याच नगांचा १० रुपयांनी महाग. सरासरी काढली तर डम्पिंग शून्य. युरोपीय अधिकारी काय करीत? महाग विकलेल्या प्रकाराचा फरक उणे न धरता शून्य धरीत. म्हणजे बेरीज १०, दोन प्रकारांत वाटल्यावर नगामागे ५ रुपये डम्पिंग! सोलापुरातल्या कोणत्याही पेढीचा दिवाणजी असा हिशेब घेऊन मालकापुढे गेला असता तर त्याच दिवशी घरी बसला असता. भारताने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली, आणि तिच्या अपील मंडळाने १ मार्च २००१ रोजी ही ‘शून्यीकरणा’ची पद्धत बेकायदा ठरवली.

तेव्हा नियम कामाला येतात. मात्र कोणीतरी बसून प्रतिपक्षाच्या गणितातली चोरी पकडावी लागते, आणि न्यायासन जागेवर असावे लागते. ते अपील मंडळ २०१९ च्या डिसेंबरापासून बंद पडले आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील वाढीव जकात ५० टक्क्यांपर्यंत नेली तेव्हा दाद मागण्याचे शेवटचे ठिकाणच उरले नव्हते. या काळात आपल्या वाहिन्यांवरील तज्ज्ञ कोणत्या नेत्याची कोणाशी मैत्री तुटली याची चर्चा करीत होते. जकातीचा भार कारखानदार, व्यापारी आणि मागवाला यांच्यात कसा वाटला जातो, याची चर्चा करायला अर्थशास्त्र लागते; मैत्रीच्या चर्चेला काहीच लागत नाही. चादरीला भौगोलिक निर्देशन मिळाले, त्याचेही तसेच. नावाला संरक्षण मिळाले. विणणाऱ्याच्या मजुरीबद्दल त्या करारात अवाक्षर नाही.

आंतरराष्ट्रीय संस्थेत गेलेला प्रत्येक मराठी विद्वान घराला पारखा झाला असेही नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ होते. रोम येथील अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते १९७० पर्यंत दीर्घकाळ संचालक होते. जगातील दोनतृतीयांश माणसे उपाशी, असे त्या संघटनेचे पहिले प्रमुख बॉइड ऑर सांगत. सुखात्म्यांनी १९६१ साली आकडे मांडून दाखवले की पोटभर न मिळणारे १० ते १५ टक्के आहेत, आणि निकृष्ट आहाराची बाधा धरली तर आकडा निम्म्यापर्यंत जातो. स्वतःच्याच संघटनेत प्रचलित झालेला आकडा खोडून काढायला धैर्य लागते. पुढे पुण्यास परतल्यावर त्यांनी आणखी एक पाऊल टाकले: एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, शरीर जुळवून घेते, सबब सरासरी गरजेच्या खाली असलेला प्रत्येकजण उपाशी मानू नये. येथे धोका होता. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली दरडोई २२५० उष्मांक धरून दारिद्र्याची रेषा आखली होती. सुखात्म्यांचा युक्तिवाद मानला तर त्या रेषेखालची कोट्यवधी माणसे कागदावर एका रात्रीत जेवून उठली असती. वि. म. दांडेकरांनी तो युक्तिवाद जाहीरपणे, कठोरपणे तपासला.

या वादात दांडेकरांची बाजू अधिक सबळ होती. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते ते काम कमी करून, वाढ खुंटवून. त्याला निरोगीपणा म्हणणे हे दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला मान्य होणार नाही. पण येथे सुखात्म्यांचा मोठेपणाही पाहावा. रोममध्ये घडलेला विचार त्यांनी पुण्यात, ज्यांच्यावर त्याचे परिणाम व्हायचे त्यांच्या शेजारी बसून मांडला आणि टीका अंगावर घेतली. आजचा सल्लागार अहवाल सादर करतो आणि पुढच्या विमानाने जातो. त्याचा आकडा कोणाच्या शिधापत्रिकेवर जाऊन आदळला, हे त्याला कधी कळतही नाही.

विद्यापीठ म्हणजे युनियनची कचेरी नव्हे, ज्ञान तटस्थ असावे, असे यावर सुनावले जाईल. तटस्थपणाची महती कोणी नाकारीत नाही. धनंजयराव गाडगीळ तटस्थ नव्हते काय? त्यांनी सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीवर ग्रंथ सिद्ध केला, तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. केंब्रिजला शिकलेला हा अर्थशास्त्रज्ञ सोलापूरची घरे, मजुरी, धंदे मोजीत बसला, त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. गाडगीळांनी शहरासाठी जे केले ते शहर आणि जिनिव्हा यांच्यातील संबंधासाठी करणारा अभ्यासक हवा आहे. तंबाखू कराराचा, जकातीच्या बदलाचा, कोटा पद्धती १ जानेवारी २००५ ला संपल्याचा परिणाम कोणत्या पेठेत, कोणत्या धंद्यात, किती मजुरीवर झाला, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारा अभ्यासक. त्याने ती मराठीतही लिहावी, आणि सोलापुरात तेलुगु आणि कन्नडमध्येही सांगावी.

तो का निपजत नाही, याचे उत्तर बरेचसे गुणांच्या तक्त्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय परिषदेतील निबंधाला १० गुण, राष्ट्रीय परिषदेतील निबंधाला साडेसात, राज्य पातळीवर ५ आणि स्थानिक पातळीवर ३ गुण होते. २०१८ च्या नियमावलीने आकडे बदलले: परदेशात ७, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५, राष्ट्रीय ३, राज्य वा विद्यापीठ पातळीवर २. उतरंड तीच राहिली. निबंध तोच, वाचणारा तोच. तो जितक्या दूर वाचला तितके ज्ञान अधिक! अशा तक्त्याखाली बढतीची वाट पाहणाऱ्या तरुण अध्यापकाने विडी घरकुलात जाऊन बसावे अशी अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. दोष त्याच्या नियतीत शोधू नये.

काम तर समोर आहे. ज्या करारांना मान्यता दिलेली नाही त्यांच्याविषयीही सरकारकडून अहवाल मागवण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या घटनेने तिला दिला आहे. सरकारने त्या अहवालाची प्रत कामगारांच्या प्रातिनिधिक संघटनांना द्यायची असते, आणि संघटनांना त्यावर आपले म्हणणे पाठवता येते. विडी कामगारणीपाशी मजुरीच्या नोंदी असतात, नापास विड्यांचा हिशेब असतो, भविष्यनिर्वाह निधीच्या तक्रारी असतात. त्यांतून १७७ क्रमांकाच्या करारावर जिनिव्हाला पाठवण्याजोगे इंग्रजी टिपण तयार करणे हे पदव्युत्तर वर्गाचे एका सत्राचे काम आहे. २०१८ च्या तक्त्यात धोरणविषयक टिपणालाही गुण ठेवलेले होते, आंतरराष्ट्रीय संस्थेला सादर केल्यास १०. उदाहरणादाखल संयुक्त राष्ट्रे, युनेस्को, जागतिक बँक आणि नाणेनिधी यांची नावे दिली होती. कामगार संघटनेसाठी लिहिलेल्या टिपणाला त्यात रकाना नव्हता.